पाषाणातील ठेव : भिलाईच्या बागेसाठी खनिजांचे धन

भिलाई म्हटले की डोळ्यांसमोर उभी राहते ती पोलादनगरी. उंच धुराडी, रुळांवरून धावणाऱ्या मालगाड्या आणि रात्रीच्या आकाशावर उमटणारी भट्ट्यांची तांबूस आभा. या नगरीत बागेविषयी बोलणे काहींना विसंगत वाटेल. परंतु ज्यांनी येथील सेक्टरांमधून सकाळचा फेरफटका मारला आहे, त्यांना या शहराचे दुसरे रूप परिचित आहे. दुतर्फा झाडी असलेले रस्ते, निवासस्थानांच्या पुढेमागे राखलेली मोकळी जागा आणि त्या जागेत आपापल्या प्रांताची आठवण जपणारी झाडे. बंगाली घरासमोर शिउली, केरळी घरामागे नारळ आणि मराठी घराच्या अंगणात तुळस, जास्वंद, मोगरा, शेवगा व स्वयंपाकघराला हाताशी असलेला कढीलिंब. छत्तीसगडी बोलीत घरालगतच्या अशा बागेला ‘बाडी’ असे सुटसुटीत नाव आहे.

या बाड्या फुलवणारी पहिली पिढी आता निवृत्त झाली आहे. अनेकांनी कारखान्याचे निवासस्थान सोडून भिलाई-दुर्ग परिसरात स्वतःचे घर बांधले. घर नवे, परंतु त्याभोवतीची माती मुरुमाची, भरावाची, बांधकामाच्या राड्यारोड्याने भरलेली. तीस वर्षे शेणखत घालून कमावलेली जुनी बाग काही सामानाबरोबर ट्रकमध्ये चढवता येत नाही. नव्या अंगणातील जास्वंद पिवळी पडते, कढीलिंब खुरटतो, टोमॅटोची फळे तळाशी काळी पडतात. अशा वेळी रोपवाटिकेतील विक्रेता ‘रॉक डस्ट’ किंवा ‘मिनरल पावडर’ असे लेबल लावलेली पिशवी पुढे करतो. दगडाच्या चूर्णाने माती खरोखर सकस होते काय? होत असल्यास कोणत्या मातीत, कोणत्या दगडाने आणि किती काळाने? बागेवर मायेने आणि निवृत्तिवेतनातून खर्च करणाऱ्या प्रत्येकाने हे प्रश्न विचारावेत, असेच ते आहेत.

भट्टीचा आणि वाफ्याचा एकच शिधा

भिलाईचा कारखाना सोव्हिएत सहकार्याने उभा राहिला. त्यासंबंधीचा करार १९५५ च्या फेब्रुवारीत झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यासाठी ही जागा निवडण्यामागे एक मोठे कारण होते : भट्टीला लागणारे खडक येथून फार दूर नव्हते. लोहखनिज दल्ली-राजहरा येथील डोंगरांतून, चुनखडक दुर्ग जिल्ह्यातीलच नंदिनी येथील खाणींतून आणि डोलोमाइट बिलासपूर जिल्ह्यातील हिर्री येथून, अशी ही सामग्री आहे. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दल्ली-राजहराच्या लोहसंपत्तीची नोंद केली होती.

झोतभट्टीत चुनखडक आणि डोलोमाइट कशासाठी घालतात, हे समजून घेतले तर बागेचेही एक रहस्य उलगडते. लोहखनिजाबरोबर वाळूसारखे सिलिकायुक्त द्रव्य येते. ते वितळवून वेगळे काढण्यासाठी कॅल्शियम व मॅग्नेशियम असलेले खडक लागतात. सिलिकेशी त्यांचा संयोग होतो आणि वितळलेल्या लोखंडावर स्लॅगचा थर तरंगू लागतो. बागेतील मातीत हेच दोन खडक निराळे काम करतात. तेथे ते मातीतील आम्लता शमवतात आणि कॅल्शियम व मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये मुळांच्या हाती देतात. भट्टीत जे घडायला काही तास लागतात, त्याला वाफ्यात काही महिने आणि कधी काही वर्षे लागतात. शिधा मात्र एकाच कोठारातला आहे.

भाठा, मटासी, डोरसा, कन्हार

खनिजे घालण्यापूर्वी आपल्या पायाखाली काय आहे, हे पाहणे अगत्याचे. छत्तीसगडच्या शेतकऱ्याने आपल्या जमिनीला चार नावे दिली आहेत आणि मृदाशास्त्रज्ञांनीही ती आदराने स्वीकारली आहेत. उंचवट्यावरील उथळ, खडेयुक्त, तांबडी जमीन म्हणजे भाठा. तिच्या खाली उतारावर पिवळसर, हलकी मटासी. त्याखाली तिच्याहून भारी, चिकणमातीचा अंश अधिक असलेली डोरसा. आणि सखल भागात पाणी धरून ठेवणारी काळी, भारी कन्हार, म्हणजे आपल्या विदर्भातील काळ्या मातीची सख्खी बहीण. एकाच गावात, एकाच उतारावर अर्ध्या तासाच्या चालीत या चारही जमिनी भेटू शकतात.

हा फरक पावसाने घडवलेला आहे. या प्रदेशात वर्षाला साधारण हजार ते बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतांश भाग पावसाळ्याच्या चार महिन्यांतच कोसळतो. उंचावरील मातीतून हे पाणी शतकानुशतके झिरपत गेले आणि जाताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम ही विरघळणारी द्रव्ये घेऊन गेले. मागे उरले ते लोह आणि ॲल्युमिनियम. कोकणातील जांभा दगड याच प्रक्रियेचे टोक होय. १८०७ मध्ये फ्रान्सिस बुकॅनन याने मलबारातील अशा दगडाला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. वरच्या जमिनीने जे गमावले, त्यातील बरेचसे खालच्या कन्हारीत साठले. म्हणूनच भाठा व मटासी सर्वसाधारणपणे आम्लतेकडे झुकतात, तर कन्हारीत कित्येकदा चुन्याचे पांढरे खडे सापडतात.

शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन बागप्रेमींना एकच सल्ला का लागू पडत नाही, याचे उत्तर येथे आहे. भाठ्याच्या तांबड्या मातीवर ज्याचे घर आहे, त्याला चुनखडीची भुकटी उपकारक ठरेल. कन्हारीवर किंवा सिमेंट-विटांच्या भरावावर ज्याचे घर आहे, त्याच्या बागेला तीच भुकटी अपाय करील.

लोहनगरीत लोहाचा दुष्काळ

भिलाईच्या बागेत आढळणारे एक कोडे येथे सांगण्याजोगे आहे. जास्वंद, एक्झोरा, अनंत, कढीलिंब या झाडांची कोवळी पाने पिवळी पडतात, परंतु त्यांच्या शिरा हिरव्या राहतात. जाणकार सांगतात, ‘लोहाची कमतरता.’ ऐकणारा चकित होतो. ज्या परिसरातील मातीच लोहाने तांबडी झाली आहे, तेथे झाडाला लोह कमी पडावे?

कमतरता असते ती उपलब्धतेची. मातीचा सामू, म्हणजे आम्ल-विम्ल निर्देशांक, साडेसातच्या वर गेला की लोह अविद्राव्य रूपात अडकून पडते. तिजोरीत रक्कम आहे, परंतु किल्ली हरवली आहे, अशी ती अवस्था. सामू वाढण्याची कारणे घरातच असतात. भिंतींचे प्लास्टर, सिमेंटचे तुकडे आणि राडारोडा हळूहळू मातीत चुना सोडतात. शिवाय या प्रदेशाच्या मोठ्या भागाखाली चुनखडक व शेल यांचे शंभर कोटी वर्षांहूनही प्राचीन थर असल्याने विंधनविहिरीचे पाणी बरेच ठिकाणी जड असते. ज्या पाण्याने भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो, तेच पाणी वर्षानुवर्षे कुंडीत घातले, तर मातीही तशीच चुनखडीयुक्त होत जाते.

उलट बाजूस, आम्लधर्मी तांबड्या मातीत स्फुरद अडकतो. तेथे लोह व ॲल्युमिनियम त्याला घट्ट धरून ठेवतात. फुलझाडे वाढतात, पण बहर येत नाही. टोमॅटोचे फळ तळाशी काळे पडणे हे कॅल्शियमच्या कमतरतेचे लक्षण खरे. परंतु पुष्कळदा त्याचे मूळ अनियमित पाण्यात असते. मातीत कॅल्शियम असूनही, एक दिवस कोरडे व एक दिवस तुडुंब अशा पाण्यामुळे ते फळापर्यंत पोहोचत नाही.

लक्षण पाहून औषध ठरवण्याचा मोह किती आवरावा लागतो, याचे एक उदाहरण भातशेतीच्या इतिहासात आहे. भाताच्या पानांवर तांबूस-तपकिरी डाग पाडणारा ‘खैरा’ हा विकार म्हणजे एखादा रोग असावा, असे वाटणे स्वाभाविक होते. १९६६ मध्ये पंतनगर येथील कृषी विद्यापीठात डॉ. यशवंत लक्ष्मण नेने यांनी तो जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे दाखवून दिले. कारण कळताच उपायही सोपा झाला.

दगडाचे अन्न कसे होते?

वनस्पतीला १७ मूलद्रव्ये अत्यावश्यक मानली जातात. कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन ही तीन ती हवा आणि पाणी यांतून मिळवते. उरलेली १४ प्रामुख्याने मातीतून येतात आणि नत्र सोडल्यास त्यांतील बहुतेकांचे मूळ खडकातच असते. सह्याद्रीचा काळा कातळ म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून तो बनला आणि त्याच्या झिजेतूनच महाराष्ट्राची कापसाची काळी माती तयार झाली. दगडाची भुकटी बागेत घालणे म्हणजे निसर्गाच्या याच कामाला थोडी गती देणे.

ही गती दोन गोष्टींवर अवलंबून असते. पहिली, बारीकपणा. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाकृती खड्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर भरतो. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे हजार कण केले तर तो साठ होतो आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतके बारीक कण केले तर सहाशे. पाणी आणि मुळे केवळ पृष्ठभागाशीच व्यवहार करू शकतात. म्हणून खडी बागेच्या वाटेवर शोभते आणि पिठासारखी भुकटी वाफ्यात उपयोगी पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे मातीतील जीवन. मुळे आणि सूक्ष्मजीव श्वसन करताना कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो पाण्यात मिसळून सौम्य आम्ल तयार होते आणि ते दगडाला हळूहळू विरघळवते. बुरशींचे तंतू व जिवाणू आपली सेंद्रिय आम्लेही त्यात ओततात. मृतवत, कडक मुरुमात हे कामगारच नसतील, तर दगड दगडच राहील. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर खडकाची भुकटी ही दीर्घ मुदतीची ठेव होय आणि शेणखत व गांडूळखत हे चालू खात्यातील खेळते भांडवल. एकावाचून दुसऱ्याचा व्यवहार पुरा होत नाही.

कोणता पाषाण, कशासाठी?

चुनखडीची भुकटी आम्लधर्मी मातीसाठी. तिच्यातून कॅल्शियम मिळते आणि सामू वर येतो. बागेत नेहमी दळलेली कच्ची चुनखडीच वापरावी. कळीचा चुना दाहक असतो. तो मुळे व गांडुळे दोहोंनाही भाजतो. मध्यम आम्ल मातीसाठी चौरस मीटरला शंभर ते दोनशे ग्रॅम मात्रा पुरेशी होते, म्हणजे दहा चौरस मीटरच्या वाफ्याला एक ते दोन किलो. ताजे शेणखत किंवा युरिया यांच्याबरोबर ती एकाच दिवशी घालू नये. नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जातो. दोन-तीन आठवड्यांचे अंतर ठेवावे.

डोलोमाइटची भुकटी हेच काम करते आणि शिवाय मॅग्नेशियम देते. मॅग्नेशियम हा हरितद्रव्याच्या रेणूचा गाभा आहे. जुन्या, खालच्या पानांच्या शिरांमधील भाग पिवळा पडत असेल आणि माती आम्ल असेल, तर डोलोमाइट अधिक योग्य. लोहाची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते, तर मॅग्नेशियमची जुन्या पानांवर, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुष्कळ गोंधळ टळतो.

रॉक फॉस्फेट म्हणजे स्फुरदयुक्त खडकाची भुकटी. राजस्थानातील उदयपूरजवळच्या झामरकोटडा येथे त्याचे मोठे साठे आहेत. हा खडक आम्ल मातीतच हळूहळू विरघळतो. सामू सातच्या वर असलेल्या मातीत तो जवळजवळ निद्रिस्त राहतो. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे तो थेट वाफ्यात न घालता कंपोस्टच्या खड्ड्यात थरांमध्ये पसरावा. कुजण्याच्या क्रियेतील आम्ले त्याला विरघळवतात. स्फुरद विरघळवणारे जिवाणूखत जोडीला दिले तर अधिक लाभ होतो.

जिप्सम हा कॅल्शियम आणि गंधक देणारा खडक. तो सामू फारसा वाढवत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. सोडियममुळे घट्ट, चिकट झालेली माती मोकळी करण्यासाठी तो विशेष उपयोगी आहे.

बेसॉल्टची भुकटी ही मिश्रभोजनासारखी. तिच्यात अंदाजे निम्मा भाग सिलिका, दशांशाच्या आसपास चुन्याचा अंश, त्याखालोखाल मॅग्नेशिया, भरपूर लोह आणि अल्प प्रमाणात अनेक सूक्ष्मद्रव्ये असतात. पालाश व स्फुरद मात्र तीत अगदी थोडे आणि नत्र जवळजवळ नाही. भातासारख्या तृणकुळातील पिकांना सिलिका मानवते. तिच्यामुळे त्यांची ताटे ताठ राहतात. भाजीपाल्याची सर्व भूक केवळ या भुकटीने भागेल, असा दावा कोणी करीत असेल, तर तो मान्य करू नये.

मॉरिशसचा ऊस, छत्तीसगडचा भात

दगडाच्या चुऱ्याने जमीन नवी करण्याची कल्पना आजची नव्हे. मॉरिशस बेट ज्वालामुखीपासून बनलेले. एकोणिसाव्या शतकात ज्या भारतीय मजुरांनी तेथील उसाचे मळे उभे केले, त्यांत मराठी माणसेही होती आणि त्यांचे वंशज आजही तेथे मराठीपण जपून आहेत. या मळ्यांतील झिजलेल्या जमिनीत बेसॉल्टचा चुरा घालण्याचे प्रयोग विसाव्या शतकात झाले. दोतमां द व्हिलिए या संशोधकाने १९६१ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. उसाचे उत्पन्न वाढले होते आणि त्याचा परिणाम अनेक पिकांपर्यंत टिकला होता. परंतु त्यासाठी हेक्टरी शंभर टनांहूनही अधिक चुरा वापरला गेला होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. पुढे ब्राझीलने तर २०१३ मध्ये अशा खडकचूर्णाला खतविषयक कायद्यात ‘पुनर्खनिजीकारक’ म्हणून अधिकृत स्थान दिले.

गेल्या काही वर्षांत या जुन्या कल्पनेला एक नवे परिमाण लाभले. बेसॉल्ट झिजताना हवेतून आलेला कार्बन डायऑक्साइड विरघळलेल्या बायकार्बोनेटच्या रूपात बांधला जातो. म्हणजे जमीन सुधारते आणि वातावरणाचा भारही काहीसा हलका होतो. अमेरिकेतील इलिनॉय येथे दरवर्षी हेक्टरी ५० टन बेसॉल्ट घालून केलेल्या चार वर्षांच्या प्रयोगात मका व सोयाबीनच्या उत्पन्नात १२ ते १६ टक्के वाढ झाल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि भिलाईकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, छत्तीसगडसह भारतातील लहान भातशेतकऱ्यांच्या शेतांवर बेसॉल्टचूर्ण पसरवणाऱ्या ‘माटी कार्बन’ या संस्थेने एप्रिल २०२५ मध्ये ‘एक्सप्राइझ कार्बन रिमूव्हल’ या जागतिक स्पर्धेचे ५ कोटी डॉलरचे प्रथम पारितोषिक पटकावले. धानाच्या कटोऱ्यातील मातीची दखल अशा रीतीने जगाने घेतली.

या आकड्यांतून आपल्या अंगणासाठी एक हिशेब निघतो. हेक्टरी ५० टन म्हणजे चौरस मीटरला पाच किलो. दहा चौरस मीटरच्या वाफ्यास पन्नास किलो. बाजारात आकर्षक पिशवीत मिळणारी एक किलो भुकटी त्याच वाफ्यात पसरली, तर ते प्रमाण हेक्टरी केवळ एक टन होते. म्हणजे त्या प्रयोगातील मात्रेचा पन्नासावा हिस्सा. प्रयोगाचे निष्कर्ष पिशवीवर छापणे सोपे आहे. ती मात्रा पिशवीत भरणे मात्र तितके सोपे नाही.

जे पाषाण नव्हे, ते ओळखावे

भिलाईसारख्या औद्योगिक नगरीत एक सावधगिरी आवश्यक आहे. स्लॅग, कोळशाची राख आणि बांधकामाचा चुरा ही द्रव्ये दिसायला खडकाच्या भुकटीसारखी असली, तरी ती नैसर्गिक खनिजे नव्हेत. युरोपात स्फुरदयुक्त पोलादी स्लॅग खत म्हणून दीर्घकाळ वापरला गेला, हे खरे. १८७० च्या दशकाअखेरीस सिडनी गिलख्रिस्ट थॉमस याने शोधलेल्या पद्धतीतून तो निघत असे. परंतु प्रत्येक स्लॅगचे रसायन निराळे असते. त्याचा सामू फार चढा असतो आणि त्यात इतर धातूंचे अंशही असू शकतात. झोतभट्टीच्या स्लॅगचे रास्त स्थान म्हणजे सिमेंट. पृथक्करण केल्याशिवाय तो पालेभाजीच्या वाफ्यात आणू नये. लाकडाच्या राखेत पालाश व चुना असतो, म्हणून आम्ल मातीत ती मूठभर चालते. दगडी कोळशाच्या राखेला हा न्याय लावता येत नाही.

दगडाच्या चुऱ्याबाबतही तो कोणत्या खडकाचा, हे विचारून घ्यावे. काही गडद हिरवट खडकांत निकेल व क्रोमियम अधिक असते. क्रशरवरील चुरा आणल्यास तो ओला करूनच हाताळावा आणि नाकातोंडावर कापड बांधावे. सिलिकायुक्त बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते. नातवंडे खेळत असताना हे काम करू नये.

अंगणासाठी एक क्रम

पहिले पाऊल परीक्षणाचे. बागेत चार-पाच ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा पंधरा सेंटिमीटर खोल खड्डा घेऊन त्याच्या कडेची माती तासावी. ती एकत्र करून सावलीत वाळवावी आणि त्यातील अर्धा किलो नमुना द्यावा. रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय किंवा जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्र येथे त्याविषयी चौकशी करता येईल. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू केलेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्मद्रव्ये अशा बारा बाबी नोंदवल्या जातात. ही पत्रिका म्हणजे जमिनीचे पासबुकच. शिल्लक किती, हे न पाहता ना पैसे काढावेत ना भरावेत.

तोवर घरच्या घरी एक सोपी कसोटी घेता येते. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगरचे काही थेंब टाकावेत. बुडबुडे उसळले, तर मातीत मोकळा चुना आहे असे समजावे. अशा बागेत चुनखडी, डोलोमाइट आणि रॉक फॉस्फेट ही तिन्ही वर्ज्य. तेथे भरपूर कंपोस्ट, शक्यतो साठवलेले पावसाचे पाणी आणि पिवळ्या पडलेल्या झाडांवर लिटरला पाच ग्रॅम हिराकस घेऊन संध्याकाळी केलेली फवारणी हाच उपाय.

दुसरे पाऊल सेंद्रिय पदार्थाचे. चौरस मीटरला तीन ते पाच किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट दरवर्षी द्यावे. छत्तीसगडी खेड्यात उकिरड्याच्या खताच्या खड्ड्याला ‘घुरवा’ म्हणतात. परसाच्या कोपऱ्यात असा एक लहानसा घुरवा असला, की पालापाचोळ्याचे सोने होते. गावतळ्याचा गाळ मिळाला, तर तोही घ्यावा. वरच्या जमिनीतून वाहून गेलेली बारीक माती आणि खनिजे त्यात परत मिळतात. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आखली, तिचे मर्मही हेच.

तिसरे पाऊल खनिजांचे. परीक्षणात जे उणे असेल, तेवढेच. पावसाळ्यापूर्वी, मे अखेरीस किंवा जूनच्या आरंभी, भुकटी पसरून वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात मिसळावी. पुढील पाऊस आणि उष्णता तिला कामाला लावतात. एका वाफ्यात खनिज घालावे आणि शेजारचा तसाच ठेवावा. दोन्हींत एकच भाजी लावून तुलना करावी. जाहिरातीपेक्षा ही तुलना अधिक विश्वासार्ह ठरेल.

चौथे आणि अखेरचे पाऊल धीराचे. चुनखडीचा परिणाम दिसण्यास एक हंगाम लागतो, बेसॉल्टचा दिसण्यास दोन-तीन वर्षे. नंदिनी येथे खाणकाम संपलेल्या परिसरात छत्तीसगड शासनाने २०२१ मध्ये मानवनिर्मित वनाचा प्रकल्प हाती घेतला. ज्या भूमीने दशकानुदशके भट्ट्यांना चुनखडक पुरवला, तीच भूमी आता मुळांना आधार देते आहे. उघडा पडलेला दगडही सावकाश माती होऊ शकतो, हे तेथील प्रत्येक रोपटे सांगते.

निवृत्तीनंतर नव्या घराच्या कडक मुरुमात पहिले रोप लावणाऱ्याला हा धीर नवा नाही. ज्या पिढीने ओसाड माळावर पोलादनगरी उभी राहताना पाहिली, तिला दगडाचे सामर्थ्य वेगळे सांगावयास नको. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या अंगणातील मूठभर माती परीक्षणास द्यावी आणि तिच्या पासबुकात पहिली नोंद करून घ्यावी. या ठेवीवरील व्याज जास्वंदीच्या, टोमॅटोच्या आणि कढीलिंबाच्या रूपाने आपल्या नातवंडांच्याही हाती पडेल.